गुरुवारी धरलेला मासा

मी बोलते हळू, पण मासा धरला तो खरा धरला. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या प्रताप नगरात या गोष्टीच्या बऱ्याच आवृत्त्या फिरून राहिल्या आहेत आणि त्यातल्या एकीत मी चक्क मगरीवर बसलेली आहे. ती आवृत्ती आमच्या शेजारच्या कुसुमताईंची. भजनी मंडळात त्या पेटी वाजवतात, त्यामुळे कुठलीही गोष्ट थोडी वरच्या पट्टीत घेण्याची त्यांना सवय आहे. मगर नव्हती. लाल रंगाची कयाक होती.

कयाक म्हणजे काय, हे मलाही अलीकडेच कळलं. एका माणसापुरती चिंचोळी, प्लास्टिकची होडी. वरून पाहिली तर भोपळी मिरची उभी चिरून मधल्या बिया काढून टाकल्यासारखी दिसते. बियांच्या जागी आपण बसायचं. हातात दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं. आमचा मुलगा जितेंद्र शहराच्या टोकाला, वाडीला, एका मोठ्या गोदामात सुपरवायझर होता. दिवसभर ट्रक येतात, ट्रक जातात, याची नोंद ठेवून त्याला कंटाळा आला, आणि एक दिवस त्यानं नोकरी सोडली. त्याचा गोदामातलाच मित्र संघपाल आणि तो, दोघं मिळून मौद्याच्या अलीकडे कन्हान नदीवर लोकांना कयाकमधून मासे धरायला नेणार होते. गिऱ्हाइकानं कयाकमध्ये बसायचं, शेजारच्या कयाकमध्ये वाटाड्या म्हणून संघपाल राहणार, तो गळ कसा टाकायचा ते सांगणार, मासा लागला की डोळे भरून पाहायचा आणि परत पाण्यात सोडून द्यायचा.

"धरून सोडायचा?" आमचे हे म्हणाले. "मग धरायचा काहून?"

हे म्हणजे वामनराव. नाव लिहिलं तर चालतं, तोंडानं मी घेत नाही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले. नदीशी त्यांचा आयुष्यभराचा संबंध, पण तो नकाशावर. निळ्या पेन्सिलीनं काढलेली नदी त्यांना पटते. ओली नदी त्यांना बेशिस्त वाटते.

"बाबा, तिकडं विदेशात लोक नदीत असेच जातात," जितेंद्रनं मोबाइलवर दाखवलं. "बास धरतात, ट्राउट धरतात."

"काय धरतात?"

"बास. माशाचं नाव आहे."

हे माझ्याकडे वळले. "सांग तुझ्या मुलाला, मलेही एवढंच म्हणायचं आहे. बास."

त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. एका घरात, एका टेबलावर, आणि मधे मी. "त्याला म्हण मीठ दे." "त्यांना म्हण मीठ समोरच आहे." कोणी पाहुणा आला आणि जितेंद्रचं विचारलं, की हे शांतपणे म्हणत, "माझा त्याचा काही संबंध नाही." पाहुण्याचा चहा गार व्हायचा. माझा आवाज मुळात लहान, त्यात दिवसभर दोन माणसांचा निरोप्या होऊन तो आणखीच बारीक झाला.

खरी गोष्ट अशी होती की पुण्याच्या एका कंपनीनं जितेंद्रला नोकरी देऊ केली होती. तिथेही गोदामच, फक्त मोठं. मार्गशीर्षातल्या एका गुरुवारी संध्याकाळी ते फोन करून त्याचं उत्तर विचारणार होते. नदीचा परवाना त्याआधी मिळाला तर हा राहणार. नाही मिळाला तर 'हो' म्हणून पुण्याला जाणार. माणूस पुण्याला गेला की तिथलाच होऊन बसतो, हे मी माझ्या दोन भाच्यांवरून ओळखून आहे. दिवाळीला येतात, आणि आपल्या सावजीच्या झणझणीत मटणरश्श्याला नाक मुरडतात. मी तो खात नाही ही गोष्ट वेगळी, पण नाक का मुरडायचं?

आता परवान्याचं सांगते. ज्या कार्यालयात अर्ज गेला त्याचं नाव मी घेणार नाही. तिथल्या साहेबांनी नंतर मला 'मॅडम' म्हटलं होतं आणि मला त्याची आठवण आहे. अर्जात जितेंद्रनं शोभेसाठी एक वाक्य लिहिलं होतं: 'आमचा उपक्रम आबालवृद्धांसाठी सुरक्षित आहे.' शाळेत निबंधाला बक्षीस मिळालेली मुलं पुढे अशीच अडकतात. साहेबांनी त्या शब्दाखाली लाल रेघ मारली आणि म्हणाले, "आबालवृद्ध म्हणता ना? मग दाखवा. बाल आणा, वृद्ध आणा, माझ्या डोळ्यांसमोर मासा धरा, माझ्या डोळ्यांसमोर सोडा."

बालाला नदीत नेण्यासाठी आणखी एक परवानगी लागत होती, ती दुसऱ्या कार्यालयातून. त्यामुळे साहेबांनी मोठ्या मनानं बाल माफ केला. राहिला वृद्ध.

जितेंद्र घरी आला, माझ्याजवळ बसला, माझ्या हातातली वाटाण्याची शेंग घेऊन सोलू लागला. हा मुलगा वाटाणे सोलायला लागला की मला धडकी भरते.

"आई, तू साठीची झाली ना?"

"एकसष्ट."

"बस. फक्त बसायचं आहे तुले. संघपाल मागे बसून वल्हवणार, दोघांचीही कयाक आहे. तू गळ धरायचा."

मी वृद्ध या शब्दावर जरा थांबले. रोज पहाटे उठून गार पाण्यानं अंघोळ, तुळशीला पाणी, मुंग्यांना साखर, पारायणाचा अध्याय, आणि मग चहा, हा नेम मी एक दिवस चुकवलेला नाही. वृद्धांना हे जमतं का? पण मुलाच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि तो अपमान मी गिळला. उपासाला चालतो.

"मासा मरणार तर नाही ना?" मी विचारलं.

याचं उत्तर द्यायला संघपाल स्वतः आला. खिशातून गळ काढून माझ्या तळहातावर ठेवला. "बघा काकू, टोकाजवळचा उलटा काटा घासून काढला आहे. माशाच्या ओठाले चिमटा बसते, बस. दोरी सैल केली का आपोआप निघते."

"तुला नक्की ठाऊक आहे?"

"माझ्या आईनं पण हेच विचारलं. विहारात जाते ते, पंचशील घेतलं आहे. म्हणे, प्राण्याले मारशील त घरात पाय ठेवू नको. म्हणून त काकू, आमच्या धंद्यात मासा सोडून द्याचा नियम आला. गिऱ्हाइकासाठी नाही, आईसाठी."

ज्या धंद्याला दोन आयांचा पहारा आहे तो धंदा वाईट असू शकत नाही, असं माझं मत झालं आणि मी होकार दिला. गांडूळ मात्र मी लावणार नाही म्हटलं. कणकेची गोळी चालते, असं कळलं. मग काय, कणीक मी भिजवली. तूप, गूळ, चिमूटभर वेलची. माशालाही पाहुणा म्हणूनच बोलवायचं तर नीट बोलवावं.

इथपर्यंत सगळं छोटं होतं. मोठं झालं ते एका फोनमुळे, आणि तो फोन मी उचलला.

मी नुकतीच पूजेवरून उठले होते. हातात घंटा. आमच्या देवघरात नेटवर्क येत नाही, म्हणजे वरचं येतं, मोबाइलचं येत नाही, म्हणून तशीच बाहेरच्या खोलीत आले. पलीकडून आवाज आला, "मी परवाना विभागातून बोलतोय. जितेंद्रच्या आई का? तुमच्यासाठी गुरुवार ठेवला आहे. चालेल ना?"

"गुरुवारी?" मी म्हटलं. "गुरुवारी मी धरते."

मला म्हणायचं होतं, उपास धरते. मार्गशीर्षातला गुरुवार, घरात लक्ष्मीचा घट बसतो. पण साहेब खूश झाले.

"अरे वा! म्हणजे आधीपासून धरता?"

"लग्नाच्या आधीपासून."

"कुठलं माहेर?"

"पवनीचं."

"वैनगंगेचा काठ! तरीच. दर गुरुवारी जमतं?"

"गुरुवार तर चुकत नाहीच. श्रावणात सोमवार, शुक्रवार, शनिवारही."

"श्रावणात? एवढ्या पुरात?"

"पूर असो, पाऊस असो. एकदा धरलं की धरलं. आजवर एकदाही मधेच सुटलं नाही."

मग दबलेल्या आवाजात साहेब म्हणाले, "सोबत कोणी असतं?"

"एकटीच. यांना झेपत नाही."

"आणि सोडता केव्हा?"

"संध्याकाळी. देवाचं नाव घेऊन सोडते."

"खात नाही?"

"छे! धरल्यावर खायचं कसं?"

"धन्य आहात मॅडम," साहेब म्हणाले आणि फोन ठेवला. आजवर इतक्या आदरानं माझ्या उपासांची चौकशी कोणी केली नव्हती. मी यांना म्हटलंसुद्धा, की सरकारी माणसंही अलीकडे श्रद्धाळू होत आहेत.

दुसऱ्या दिवशी जितेंद्र कार्यालयातून आला तो डोक्याला हात लावूनच. "आई, तू साहेबाले काय सांगितलं वं?"

"जे खरं ते."

"त्यानं फाइलीत लिहिलं, 'सहभागी महिला अत्यंत अनुभवी, पुरातही एकट्या मासे धरतात.' आता म्हणे दोघांची कयाक कशाला? त्यांना एकटीलाच बसवा."

मी खोटं एक अक्षर बोलले नव्हते. मराठी भाषेनं माझ्या सोमवारांना आणि नदीतल्या माशांना एकच क्रियापद दिलं असेल तर त्यात माझा काय दोष? ही चूक दुरुस्त करायची म्हणजे नवा अर्ज, नवी तारीख, आणि तोवर पुण्याचा फोन येऊन गेलेला. मी पदर खोचला. "बसते एकटी," म्हटलं.

सराव सुरू झाला. कयाक अंगणात आणली, तर ती तुळशीवृंदावनापासून थेट फाटकाच्या बाहेर गेली. लाल शेपूट रस्त्यावर. येणारे-जाणारे थांबू लागले. एकानं विचारलं, नवीन प्रकारची पाण्याची टाकी का? मी दिवाणावर बसून पोछ्याच्या काठीनं वल्हवायला शिकले. डावीकडे ओढा, उजवीकडे ओढा. खिडकीतून कुसुमताईंनी हे पाहिलं आणि त्या संध्याकाळी भजनी मंडळ न बोलावता आलं.

"काहून वं वहिनी," कुसुमताई हळूच म्हणाल्या, "काही होऊन राहिलं का तुम्हाले? अंगात-बिंगात?"

मी सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी पेटीचा भाता बंद करावा तसे ओठ मिटले, आणि मग एकदम उघडले.

"मार्गशीर्षातल्या गुरुवारी मासा? अवं, त्या दिवशी खाणाऱ्यांच्या घरीसुद्धा चूल सोवळ्यात राहते! लक्ष्मी उठून जाईल ना घरातून!"

"लक्ष्मी कोणाची?" मी विचारलं.

"विष्णूची."

"विष्णूचा पहिला अवतार कोणता?"

"मत्स्य," कुसुमताई पुटपुटल्या. मी म्हटलं, "लक्ष्मीच्या वारी तिच्याच यजमानांना कणकेची गोळी घालायला जाते आहे. ती मला चहा पाजेल."

शास्त्रात हरल्या तेव्हा कुसुमताई आणि सगळं मंडळ व्यवहारावर आलं. नऊवारी नेसा म्हणजे पाय मोकळे राहतात. नाही, पाचवारीच, बुडालात तर हवा भरून तरंगते. कानात कापूस घाला. डोळे मिटून बसा म्हणजे खोली कळत नाही. मंगळसूत्र काढू नका, पण घालूही नका. एक सल्ला मात्र कुसुमताईंनी असा दिला की त्यासाठी मी त्यांची मगर माफ करते. त्या म्हणाल्या, "वहिनी, तुमचा आवाज दोन हातांवर जात नाही. नदीत शिट्टी घेऊन जा." मी घेतली. पोळ्यांच्या डब्यात ठेवली. डबा घरी राहिला.

पुण्याचा फोन यायचा होता त्याच गुरुवारी पहाटे घट मांडला, कहाणी वाचली, आणि पोटात पाण्याखेरीज काही नसताना मी दुपारी कन्हानच्या वाळूत उभी राहिले. लुगड्याखाली सलवार, सलवारीखाली कुसुमताईंच्या मुलीचे बूट, वर नारिंगी लाइफ जॅकेट. जॅकेटचे पट्टे माझ्यासाठी संघपालनं पूर्ण सैल केले, तरी ते बसेना. शेवटी साहेबांसाठी आणलेलं मोठं जॅकेट मला बसलं आणि माझं साहेबांना. या अदलाबदलीवर दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. सुसंस्कृतपणा म्हणतात तो हाच.

साहेब म्हणजे गोल चेहऱ्याचे, बाळसेदार, पाण्याकडे पाठ करून उभे राहणारे गृहस्थ होते. मला त्यांनी नमस्कार केला. "मॅडम, आज शिकायला मिळणार." हेही आले होते. बायको नदीत जाणार म्हटल्यावर काठावर एखादा जबाबदार माणूस पाहिजे, असं यांचं म्हणणं. जितेंद्रपासून दहा पावलं दूर, साहेबांना ओळखही न देता, छत्री उघडून, पलीकडे दिसणाऱ्या वीज केंद्राच्या चिमण्यांची तपासणी केल्यासारखे उभे. अर्जदारानं मदत करायची नाही, काठावरच थांबायचं, असा साहेबांचा नियम होता. साहेब स्वतः संघपालबरोबर दोघांच्या कयाकमध्ये.

"काकू," संघपाल म्हणाला, "मासा लागला का जोरात ओरडा, 'लागला!' मी साहेबाले घेऊन बाजूले येतो. साहेबानं पाहेपर्यंत सोडू नका. बाकी टेन्शन घेऊ नका."

मी घेतलं नाही. खरंच सांगते. कयाक पाण्यावर सरकली आणि मला वाटलं, हे तर दिवाणापेक्षा सोपं आहे. पाणी शांत, ऊन मऊ, बगळे माझ्यासारखेच उपाशी उभे. डावीकडे ओढलं, उजवीकडे ओढलं. मी विष्णुसहस्रनाम सुरू केलं, कारण त्याची लय वल्ह्याला बरोबर बसते. मधेच मागे पाहिलं तर साहेब कयाकच्या दोन्ही कडा घट्ट धरून बसलेले आणि संघपालला विचारत होते, "खोल किती आहे? नको, सांगू नका."

गळाला गोळी लावली, टाकला. थोडा वेळ काही नाही. माशांचंही बरोबर आहे, ओळख ना पाळख. मग गळाची काठी हलली. आधी हळूच, कोणी दारावर टकटक करावं तशी. आणि मग ती माझ्या हातातून निघून जाईल अशी ओढली गेली.

"लागला," मी म्हटलं.

माझ्या मते मी ओरडले. बगळासुद्धा उडाला नाही.

"लागला हो," पुन्हा म्हटलं. संघपालची पाठ माझ्याकडे होती. साहेबांनी घाबरून त्याच्या हातातलं वल्हं धरलं होतं आणि त्यांची कयाक जलपर्णीच्या हिरव्या गादीत शिरून बसली होती. "साहेब, सोडा ना वल्हं!" "आधी बाहेर काढ!" "वल्ह्याशिवाय कसा काढू जी?" असा त्यांचा संवाद चालला होता. इकडे मासा मला ओढत निघाला. कयाकचं तोंड फिरलं, मी फिरले, त्या वीज केंद्राच्या चिमण्या एकदा डावीकडून गेल्या आणि एकदा उजवीकडून. मी काठी सोडली नाही. धरलेलं मधेच सोडायची मला सवयच नाही.

काठावरून हे धावत होते. छत्री उलटी झालेली, चप्पल एकच. "सोड! सोड वं त्याले! जाशील आत!" एकोणचाळीस वर्षांच्या संसारात यांना धावताना मी पहिल्यांदा पाहिलं. मासा मला जलपर्णीच्या आडोशाला, थेट यांच्या समोर घेऊन गेला आणि तिथे दमून वर आला.

रोहू होता. माझ्या देवघरातल्या चौरंगाएवढा. खवल्यांना तांबूस झाक, तोंड उघडतंय, मिटतंय, आणि एक डोळा माझ्याकडे. त्या डोळ्यात राग नव्हता. विचारल्यासारखा होता, की बाई, उपास तुझा, आणि मी का कोरडा? मला संघपालचं सांगणं आठवत होतं, साहेबानं पाहेपर्यंत सोडायचं नाही. परवाना आठवत होता, पुणं आठवत होतं. पण तोंड उघडत-मिटत होतं. मी दोरी सैल केली. चिमटा निघाल्यासारखा गळ निघाला. मी हात जोडले, वाटीतली उरलेली सगळी कणीक पाण्यात सोडली, आणि रोहू शेपटीचं पाणी माझ्या चष्म्यावर उडवून निघून गेला.

त्यानंतर थोड्याच वेळात साहेबांची कयाक जलपर्णीतून बाहेर आली.

वाळूवर सगळे उभे राहिलो. साहेबांच्या कानावर जलपर्णीचं एक पान होतं. सांगायचं धाडस कोणी केलं नाही. त्यांनी पेन उघडलं. "मासा?"

"सोडला," मी म्हटलं.

"काय?"

"सोडला, म्हणते आई," जितेंद्र म्हणाला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा लहान झाला होता.

"मॅडम, माझ्यासमोर सोडायचा होता. मी पाहिला नाही म्हणजे तो धरलाच नाही. फाइलीत मी काय लिहू? मासा आहे असं ऐकलं?" साहेब दुष्ट नव्हते. त्यांना मनापासून वाईट वाटत होतं, आणि सरकारी माणसाला मनापासून वाईट वाटलं की आपलं काम नक्की होत नाही. "कोणी पाहिला का? गाईड माझ्यासोबत होता. अर्जदाराचं मी धरणार नाही. त्रयस्थ कोणी?"

सगळ्यांच्या नजरा एका चपलेवर उभ्या असलेल्या माणसाकडे गेल्या.

"मी पाहिला," हे म्हणाले.

"स्पष्ट?"

"हातभर अंतरावरून. रोहू. धरला तोही पाहिला, सोडला तोही पाहिला. चाळीस वर्षं सरकारी मोजमाप केलं आहे साहेब, माझं चुकत नाही."

साहेबांचा चेहरा उजळला. पेन कागदाला टेकलं. मी मनातल्या मनात लक्ष्मीला हात जोडले. साहेब लिहीत लिहीत म्हणाले, "एक औपचारिकता. नात्यातला साक्षीदार चालत नाही. तुम्ही अर्जदाराचे कोणी नाही ना?"

यांनी एवढंच म्हणायचं होतं, की माझा त्याचा काही संबंध नाही. सहा महिने हे ते वाक्य येणाऱ्या-जाणाऱ्याला फुकट ऐकवत होते. आज ते उपयोगाचं होतं. आज त्याचा परवाना झाला असता. संघपाल वाळूकडे पाहत होता. जितेंद्र नदीकडे. मी यांच्याकडे.

यांनी उलटी छत्री नीट केली. ती पुन्हा उलटली.

"बाप आहे मी त्याचा," हे म्हणाले.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मग साक्ष बाद."

"बाद तर बाद," हे म्हणाले. "पुढची तारीख द्या."

"तारीख देईन, आठ दिवसांनी. पण मॅडम नकोत. त्या अनुभवी आहेत, त्यांना मासा कधी सोडायचा हे आपल्या मनानं कळतं. नियमाला नवखा माणूस बरा. नवखा वृद्ध आहे का कोणी?"

"आहे ना," हे म्हणाले. "मी."

"तुम्हाला कयाकमध्ये बसता तरी येईल का?"

प्रश्न नकाशातला असो की वाळूवरचा, मोजमाप जागेवर झालं पाहिजे असं यांचं मत. लाल कयाक वाळूवर ओढलेली होतीच. यांनी दुसरी चप्पलही काढली, पाय आत टाकला आणि बसले. बसले ते मिरचीत बी बसावं तसे. वल्हं मागितलं. वाळूवरच दोनदा हवेत मारून पाहिलं, आणि तोंड सुरू झालं. "अरे जित्या, हे पाय टेकायचं चुकीच्या जागी लावलं आहे. माझा गुडघा मोठा आहे, हे दोन बोटं पुढे पाहिजे. आणि त्या जलपर्णीजवळ गिऱ्हाइकाले नेता काहून? प्रवाह उजवीकडून आहे, तो रोहू उजवीकडे गेला, मी पाहिला ना. तुम्ही पोट्टे नदीचा नकाशा तरी पाहता का?"

"पाहिला ना बाबा. तुमचाच. तुमच्या कपाटातून घेतला."

"न विचारता?"

"विचारलं असतं त तुम्ही बोलले असते का?"

"बोललो नसतो! पण विचारायचं ना बे!"

ते दोघं असे कितीतरी वेळ तोंडाला तोंड देत राहिले. साहेब मजेत ऐकत होते. संघपालनं हळूच त्यांच्या कानावरचं पान काढून घेतलं. मला बोलायचं काही कामच नव्हतं. ऊन कलायला लागलं होतं, घरी घटाची संध्याकाळची पूजा राहिली होती, म्हणून मी म्हटलं, चला आता.

हे उठायला गेले. उठले नाहीत. पुन्हा प्रयत्न केला. कयाक उठली, हे आतच. गुडघे पुढे अडकलेले, कंबर मागे. संघपालनं एक काख धरली, जितेंद्रनं दुसरी, साहेबांनी नियमात बसत नसतानाही कयाकची शेपूट पायाखाली दाबून धरली. "हं, जोर लावा!" आणि नेमका त्याच वेळी जितेंद्रच्या खिशात फोन वाजला. साहेब सोडून आम्हां सगळ्यांना माहीत होतं कोणाचा ते. जितेंद्रचा एक हात यांच्या काखेतून निघून खिशाकडे गेला.

"पुण्याचा आहे, बाबा," तो म्हणाला. "उचलू का?"

"तो मागून उचलशील," हे कयाकमधून ओरडले. "आधी मले उचल!"